जुन्या छायाचित्रांतील अनोळखी माणसें

छायाचित्रणाची कला मुंबईंत रुजल्याला आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. १८५४ सालीं तेथें ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढींतील नामांकित एतद्देशीय छायाचित्रकार होत. पुढील पन्नास-साठ वर्षांत ही कला संस्थानिकांच्या वाड्यांतून वकील, मामलेदार, शिक्षक आणि कारकून यांच्या घरांत उतरली, आणि आज शहरांतील पुष्कळशा जुन्या कुटुंबांपाशीं पणज्याच्या काळचीं चार-दोन तरी छायाचित्रें सांपडतात. त्यांतील चेहरे स्पष्ट असतात. अंगठींतील खडासुद्धां दिसतो. कळत नाहीं तें एवढेंच, कीं हीं माणसें कोण. ज्यांनीं छायाचित्र काढवून घेतलें त्यांना पाठीमागें नांवें लिहिण्याची गरज वाटली नाहीं. आपल्या आईचें किंवा भावाचें नांव विसरण्याची भीति कोणास वाटणार? परंतु तीन पिढ्या लोटल्या म्हणजे तेंच चित्र घरांतल्या घरांत कोडें होऊन बसतें.

हें कोडें पुष्कळ वेळां सुटतें. मात्र त्याला एक क्रम आहे, आणि त्या क्रमांतील पहिला नियम असा, कीं आरंभ चेहऱ्यापासून करूं नये. साम्य शोधण्याच्या बाबतींत मन फार उतावीळ असतें. ‘नाक अगदीं आजोबांचें’ असें कोणी म्हणालें, कीं सर्वांना तें पटूं लागतें. परंतु तें नाक आजोबांच्या थोरल्या भावाचें, चुलत्याचें आणि चुलतभावाचेंहि असूं शकतें. म्हणून छायाचित्र कोठें, केव्हां व कोणत्या निमित्तानें काढलें हें प्रथम ठरवावें. त्या वेळीं तेथें कोण असणें शक्य होतें याची यादी करावी. आणि मग शेवटीं चेहऱ्याकडे वळावें.

छायाचित्र ही एक वस्तु आहे आणि वस्तूला वय असतें. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलें, सुमारें अडीच इंच रुंद व चार इंच उंच असें लहान चित्र असेल, तर तें ‘कार्त द व्हिझित’ या प्रकाराचें होय. पॅरिसच्या दिस्देरी यानें १८५४ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. त्याहून मोठें, सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच असें ‘कॅबिनेट कार्ड’ १८६६ च्या सुमारास प्रचारांत आलें. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला पातळ, पिवळट पडलेला कागद हा बहुधा एकोणिसाव्या शतकाचा. आणि तिरप्या उजेडांत धरतांच काळ्या भागावर चंदेरी झांक दाखविणारा कागद बहुधा त्यानंतरचा. पुठ्ठ्यावर किंवा त्याच्या पाठीवर छायाचित्रकाराचें नांव, पत्ता, पदव्या, राजचिन्हें, निगेटिव्हचा क्रमांक असें बरेंच छापलेलें असतें, आणि त्या प्रत्येकावरून कांहीं तरी निघतें. सिकंदराबाद, इंदूर व मुंबई येथें ज्यांच्या चित्रशाळा होत्या, त्या लाला दीनदयाळ यांना निजामांनीं १८९४ सालीं ‘राजा’ हा किताब दिला. तेव्हां ज्या कार्डावर ‘राजा’ हें उपपद आहे तें त्यापूर्वींचें असणार नाहीं. स्वच्छतेच्या भरांत चित्र पुठ्ठ्यावरून सोडविणें किंवा पुठ्ठा कापून चौकटींत बसविणें म्हणजे साक्षीदाराचें तोंड बंद करण्यासारखें आहे.

यानंतर चित्रांतील वेषभूषेकडे पाहावें. पण त्याआधीं एक फसवणूक लक्षांत घेतली पाहिजे. जुन्या कांचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. तिला निळा प्रकाश फार जाणवे आणि तांबडा मुळींच जाणवत नसे. १८७३ मध्यें फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें रंगद्रव्याच्या साहाय्यानें तिची दृष्टि हिरव्या-पिवळ्या रंगांपर्यंत वाढविली. तांबडा रंगहि पाहणाऱ्या कांचा १९०६ पासून बाजारांत आल्या, आणि त्या सर्वत्र रूढ होण्यास आणखी बराच काळ गेला. याचा परिणाम असा, कीं जुन्या चित्रांत निळें लुगडें पांढरें भासतें, लाल पैठणी काळी भासते, आणि निळसर घारे डोळे विलक्षण फिके दिसतात. महाराष्ट्रीय कुटुंबांच्या दृष्टीनें यांतून एक गंभीर चूक संभवते. कुंकू तांबडें, गव्हाळ किंवा सांवळी त्वचाहि त्या कांचेवर गडद उमटे, त्यामुळें कपाळावरील कुंकू पुष्कळदां त्वचेंत मिसळून नाहींसें होतें. कपाळ मोकळें दिसतें एवढ्यावरून एखादी स्त्री विधवा होती असें ठरवून तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचें साल मागें ओढणें हें सर्वस्वी चुकीचें होय. गळ्यांतील काळे मणी, हातांतील बांगड्या, नथ, केंस यांची साक्ष घेतल्यावांचून असा निर्णय करूं नये. उलट, गडद काळें वस्त्र डोक्यावरून घेतलेली, अलंकाररहित वृद्धा दिसली, तर तें वस्त्र काळें नसून तांबडें आलवण असण्याचा संभव अधिक.

दुसरी फसवणूक डाव्या-उजव्याची. कांच उलटी ठेवून छापल्यास सबंध चित्र आरशांतल्यासारखें उलटें होतें. नथ उजव्या नाकपुडींत दिसली आणि पुरुषांच्या कोटाची उजवी बाजू डावीवर आलेली दिसली, म्हणजे चित्र उलटें छापलें गेलें असें समजावें. नाहीं तर गालावरील तीळ चुकीच्या गालावर शोधला जाईल.

पोशाखावरून काळ ठरवितांना सर्वांत तरुण माणसाकडे पाहावें. म्हातारीं माणसें तरुणपणचा वेष जन्मभर चालवितात. नवी तऱ्हा प्रथम तरुणांच्या अंगावर येते. बांधीव पगडी घातलेल्या आजोबांशेजारीं नातू काळी गोल टोपी घालून उभा असेल, तर काळ नातवाच्या टोपीचा. खादीची पांढरी टोपी १९२० च्या असहकारितेच्या चळवळीनंतर सार्वत्रिक झाली. सासू नऊवारींत आणि सून पांचवारींत असेल, तर शहरी मध्यमवर्गांत तें चित्र बहुधा १९२० नंतरचें. एवढें मात्र विसरूं नये, कीं चित्रशाळेंतील कोरीव खुर्ची, फुलदाणी, रंगविलेला पडदा, आणि कधीं कधीं अंगावरचा कोटसुद्धां, छायाचित्रकाराच्या मालकीचा असे. हातांत पुस्तक आहे म्हणून बाई शिकलेली होती असें सिद्ध होत नाहीं. परंतु याच सामानाचा दुसरा उपयोग आहे: तोच पडदा, तोच गालिचा आणि तीच खुर्ची दोन चित्रांत आढळली, तर दोन्ही एकाच चित्रशाळेंत, आणि बहुधा थोड्याच वर्षांच्या अंतरानें, काढलेलीं असतात. एकांतील माणसें ओळखतां आलीं, तर दुसऱ्यांतील माणसांचा माग लागतो.

काल ठरविण्याचें सर्वांत खात्रीचें साधन मात्र घरच्याच चालीरीतींत आहे. छायाचित्र काढणें खर्चाचें होतें. तें निमित्तावांचून काढीत नसत, आणि निमित्त चित्रांत उमटलेलें असतें. मुंज झालेला बटु डोकें तासलेला, लंगोटी व दंड घेतलेला दिसतो. त्याचें वय ढोबळ मानानें आठाच्या आसपास धरतां येतें. एखादी तरुण स्त्री काळी चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने घालून बसली असेल, तर ती तिच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत होय. म्हणजे महिना जानेवारी, आणि लग्न त्याआधींच्या वर्षभरांतलें. फुलांचे दागिने, फुलांची वाडी आणि हातांत धनुष्यबाण असेल, तर तें डोहाळजेवण. मग त्या मुलाची जन्मपत्रिका शोधावी. घरांत छायाचित्राची तारीख कोणी लिहून ठेवीत नसे. पण मुलाच्या जन्माची तिथि, वार, घटिका, पळें लिहिलेलीं असत. पत्रिकेंतील शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो. पौष-माघ-फाल्गुनांतील, म्हणजे जानेवारीनंतरच्या जन्मासाठीं ७९ मिळवावे. शके १८१९ च्या ज्येष्ठांत जन्मलेल्या मुलाच्या वेळचें डोहाळजेवण १८९७ सालच्या वसंतांतील. अशा रीतीनें मुलाच्या पत्रिकेवरून आईच्या छायाचित्राचें साल, आणि सालावरून त्या घरांतील कोणती सून, हें निश्चित होतें.

समूहचित्रांत बसण्याचा क्रमहि बोलका असतो. वडील मंडळी मध्यें खुर्चीवर, मुलें पुढें सतरंजीवर, तरुण पुरुष मागें उभे, हा सर्वसाधारण शिरस्ता. वयानें लहान असूनहि वडिलांच्या ओळींत खुर्ची मिळालेला तरुण बहुधा जांवई असतो. आणि पुढें मुलांत बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी ही घरची लेकच असेल असें समजूं नये. मुलींच्या लग्नाची किमान मर्यादा चौदा वर्षें ठरविणारा शारदा कायदा १९२९ मध्यें संमत झाला. त्याआधींच्या चित्रांत लेक आणि सून एकाच वयाच्या, एकाच ओळींत बसलेल्या असूं शकतात. गळ्यांत काळे मणी आहेत कीं नाहींत एवढ्यावरून वंशवृक्षांतील तिची जागा बदलते. विवाहित लेकीच्या गळ्यांतहि काळे मणी असतात हें ध्यानांत ठेवून मग पुढील पुरावा पाहावा.

येथें या विषयांतील सर्वांत अवघड प्रश्न येतो. जुन्या चित्रांतील पुरुष निदान वंशावळींत तरी सांपडतो. स्त्रीचें नांव मात्र लग्नांत बदलत असे. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचेंच उदाहरण घ्यावें. १८६५ सालीं जन्मलेल्या या मुलीचें नांव यमुना. नवव्या वर्षीं लग्न झाल्यावर ती आनंदी झाली. माहेरच्या कोणा वृद्धेनें तिचें चित्र पाहून ‘ही आमची यमू’ म्हटलें असतें, तर सासरच्या वंशावळींत यमू शोधणाऱ्यास ती कधींच मिळाली नसती. आनंदीबाई जगप्रसिद्ध झाल्या म्हणून त्यांचीं दोन्ही नांवें टिकलीं. सामान्य घरांतील अशा शेंकडों स्त्रियांचीं दोन्ही नांवें गेलीं आहेत. त्यांत पहिली पत्नी बाळंतपणांत वारली आणि पुरुषानें दुसरा विवाह केला असें वारंवार घडे. मग दोन चित्रांतील दोन निरनिराळ्या बायकांना नातवंडें एकच ‘आजी’ समजतात, आणि जी अकालीं गेली तिचें असणेंच पुसलें जातें.

त्याच आनंदीबाईंच्या एका छायाचित्रावरून दुसरा धडा मिळतो. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत काढलेल्या या चित्रांत आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियांतील दमास्कसच्या सबात इस्लामबूली या तिघी आपापल्या देशांच्या वेषांत बसलेल्या आहेत. खालीं तिघींचीं नांवें आहेत, आणि प्रत्येकीमागें ‘डॉक्टर’ हें उपपद आहे. परंतु आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजीं, आणि ओकामी यांना १८८९ मध्यें. यावरून उघड होतें, कीं चित्र आधींचें आणि खालची ओळ नंतर केव्हां तरी घातलेली. शिवाय सबात यांचें नांव तेथें ‘तबात’ असें पडलें आहे. लेख आहे म्हणून तो खरा, आणि तो चित्राच्याच दिवशींचा, असें धरून चालतां येत नाहीं, हें अशा प्रसिद्ध चित्रावरूनहि दिसून येतें.

घरगुती चित्रांच्या पाठीवरील लेखाला तर आणखी एक अडचण असते. ‘नाना व माई, नाशिक’ एवढेंच लिहिलेलें असतें, आणि नाना, तात्या, अण्णा, माई, अक्का हीं नांवें कोणत्या घरांत नसतात? एकाच घरांत दर पिढीला एक नाना होऊन गेलेला असतो. अशा वेळीं नाना कोण हा प्रश्न सोडून हें लिहिलें कोणी, हा प्रश्न आधीं विचारावा. जुनीं पत्रें, जमाखर्चाच्या वह्या यांतील अक्षराशीं तें अक्षर ताडून पाहावें. लिहिणारा सांपडला, कीं त्याचा नाना कोण हें वंशावळच सांगते. लेख मोडींत असेल तर न समजणारी रेघ म्हणून तो दुर्लक्षूं नये. मोडी वाचणारीं माणसें अजून आहेत. अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत, आणि त्यांत पुष्कळदां सुनांचीं माहेरचीं व सासरचीं अशीं दोन्ही नांवें मिळतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतूनहि यात्रेस आलेल्या घराण्यांची नामावळ उतरलेली असते. भिंतीवरील हार घातलेली तसबीरहि उपयोगी पडते. पुष्कळ तसबिरी मृत्यूनंतर एखाद्या समूहचित्रांतील चेहरा मोठा करून, त्याला रंगानें कोट-पागोटें चढवून तयार केलेल्या असत. तसबिरीखालीं नांव व पुण्यतिथि असते. तोच चेहरा, मानेचा तोच कल समूहचित्रांत दिसला, कीं एक माणूस निश्चित झालें.

या सर्वांहून मोलाचा पुरावा म्हणजे घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीची स्मृति. आणि तोच पुरावा सर्वांत नाशिवंत आहे. कागद शंभर वर्षें टिकतो. नव्वदीच्या आजीची आठवण पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल याची शाश्वति नाहीं. पण तिला विचारावें कसें? ‘ही भागीरथीकाकूच ना?’ असें विचारलें तर सौजन्यानें ‘हो’ हेंच उत्तर मिळण्याचा संभव अधिक. नांव न सुचवितां ‘ही कोण?’ एवढेंच विचारावें. आठवलें नाहीं तर चेहरा सोडून भोंवतालचें विचारावें: हा जिना कोणत्या वाड्याचा, ही नथ पुढें कोणाकडे गेली, हें मूल कोणाच्या कडेवर आहे? दागिन्याची आठवण पुष्कळदां माणसाच्या आठवणीपर्यंत नेते. दोन वृद्ध असतील तर दोघांना निरनिराळें विचारावें. एकमेकांसमोर विचारल्यास एकाचा तर्क दुसऱ्याची आठवण होऊन बसतो. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि त्यांचीं मुलें यांना तर अवश्य विचारावें. सुनांना ठाऊक नसलेली माहेरची पिढी त्यांच्याच मुखांत जिवंत असते.

आतां चेहऱ्याकडे वळावें. मिशा, केंस, अंगाची चण हीं बदलतात. कानाची घडण फारशी बदलत नाहीं. म्हणूनच गेल्या शतकापूर्वीं पॅरिसच्या पोलिसांतील बर्तियों यानें गुन्हेगारांच्या ओळखीसाठीं कानाला एवढें महत्त्व दिलें. बुगडी-कुड्यांच्या भारानें पाळी लोंबते, पण कानाची वरची कड तशीच राहते. हल्लीं संगणकहि चेहरे जुळवून दाखवितो. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांतील अनामिक सैनिक ओळखण्यासाठीं २०१८ मध्यें ‘सिव्हिल वॉर फोटो स्लूथ’ हा उपक्रम सुरू झाला. त्यांत यंत्र सारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांची यादी पुढें ठेवतें, आणि गणवेष, हुद्दा, पलटण हा पुरावा पाहून निर्णय माणूस करतो. घरगुती चित्रांत हा विवेक अधिकच हवा, कारण तेथें सगळे एकमेकांसारखेच दिसावयाचे.

इतक्या शोधानंतर जें हातीं लागेल तें लिहून ठेवावें. पण जितकें ठाऊक तितकेंच लिहावें. मूळ चित्राला शाईचें पेन लावूं नये, चिकटपट्टी लावूं नये. मऊ शिसपेन्सिलीनें पाठीमागें कडेला एक क्रमांक घालावा. चित्र ओलाव्यानें कांचेला चिकटलें असेल तर तें ओढून काढूं नये. चित्राची प्रत काढून तीवर प्रत्येक माणसाला आंकडा द्यावा आणि वेगळ्या कागदावर नांव, माहेरचें नांव, नातें, सांगणाराचें नांव, सांगितल्याची तारीख, आणि ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘ऐकीव’ यांपैकीं एक शब्द लिहावा. हा शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. कोरी राहिलेली जागा पुढचा शोधक भरूं शकतो. आत्मविश्वासानें लिहिलेलें चुकीचें नांव मात्र शोधच थांबवितें. आणि अशा एका चुकीनें दोन माणसें नाहींशीं होतात: जिच्या चेहऱ्याला दुसरीचें नांव मिळालें ती एक, आणि जिचें नांव भलत्याच चेहऱ्याला गेलें ती दुसरी.

ज्यांच्या घरीं अशीं छायाचित्रें आहेत आणि तीं ओळखूं शकणारें एखादें वृद्ध माणूसहि सुदैवानें आहे, त्यांनीं हें काम सुटीवर किंवा सणावर टाकूं नये. एक दुपार, एक चांगला उजेड आणि एक वही एवढ्यावर आरंभ होतो. दूरध्वनींत सांठलेल्या आजच्या हजारों चित्रांनाहि नांवें नाहींत. त्यांतील निवडक पंचवीस छापून, पाठीमागें पूर्ण नांवें घालून ठेवलीं, तर पणतवंडांचा हा त्रास पुष्कळसा वांचेल. सर्व चेहरे ओळखूं येतील असें नाहीं. पण पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून, श्वास रोखून कॅमेऱ्यापुढें बसलेल्या त्या मुलीचें निदान एक नांव, आणि शक्य तर दोन्ही, तिच्या घराला परत मिळूं शकतात.